कॅमेरा त्यांचा, कात्री कुणाची?

२१ मार्च २०२२ रोजी, ऑस्करच्या सोहळ्याला आठवडाही उरला नसताना, बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया' या वृत्तसंस्थेने एक निवेदन काढले. रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट त्या वर्षी ऑस्करच्या अंतिम पाचांत होता. पूर्ण लांबीचा भारतीय माहितीपट तिथवर पोचण्याची ही पहिलीच वेळ. आणि ज्या बायकांवर तो बेतलेला आहे त्यांचीच संस्था म्हणत होती, की चित्रपट हलवून सोडणारा आहे, प्रभावी आहे, पण त्यात दिसतो तो 'खबर लहरिया' आमचा नाही. एकाच राजकीय पक्षाच्या मागावर असलेली संस्था अशी आमची प्रतिमा त्यातून उभी राहते. गोष्टीचा एक तुकडाच सांगितला की कधी कधी सगळी गोष्ट वाकडी होते, असा त्या निवेदनाचा आशय होता.

माझ्या ओळखीतल्या बहुतेक सिनेमाप्रेमींना हे रुचले नाही. ऐन वेळी घरचे भांडण चव्हाट्यावर आणले, असा एकूण सूर होता. काहींना त्यात भीतीचा वास आला. मला मात्र ते निवेदन म्हणजे आपल्याकडच्या पर्यायी माध्यमांविषयी अलीकडे झालेली एक नेमकी समीक्षा वाटते, आणि ती समीक्षा म्हणूनच वाचायला हवी. पडद्यावरच्या माणसांनी पडद्याची चिकित्सा करावी, असे आपल्याकडे कितीदा घडते?

लोकांच्या हाती कॅमेरा द्या, ही मागणी आता पन्नास वर्षांहून जुनी आहे. आज ती पुरी झाली आहे असे म्हणता येईल. खिशातला फोन हाच कॅमेरा झाला. पण कॅमेरा हाती आला म्हणजे चित्र हाती आले, हे गृहीतक तपासायचे राहून गेले. चित्रीकरण एक जण करतो, संकलन दुसरा, ते दाखवायचे कुठे हे तिसरा ठरवतो आणि त्यासाठी पैसे चौथ्याने दिलेले असतात. या चौघांपैकी कात्री कुणाच्या हाती, हा माझ्या दृष्टीने या सगळ्या चळवळीचा कळीचा प्रश्न आहे.

छापील माध्यमात हा प्रश्न थोडा सोपा होता. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. पाक्षिकावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव असले तरी अग्रलेखामागचा हात बाबासाहेबांचा होता, हे कुणापासून लपलेले नव्हते. पैसे देऊ करूनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही, हा प्रसंग मराठी वाचकांना परिचित आहे. अडवणूक बाहेरून होत होती. आतला मजकूर मात्र लिहिणाऱ्याचाच होता. 'खबर लहरिया'चा जन्म याच जातीच्या पत्रकारितेत झाला, असे मला वाटते. २००२ साली चित्रकूट जिल्ह्यात 'निरंतर' या दिल्लीच्या संस्थेच्या पाठबळावर तो सुरू झाला. भाषा बुंदेली. बातमी आणणाऱ्या, लिहिणाऱ्या, मांडणी करणाऱ्या आणि गावोगाव अंक विकणाऱ्याही त्याच बाया, बहुतेक दलित, काही आदिवासी, मुस्लिम आणि इतर मागास जातींच्या. २००९ साली युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार त्यांना मिळाला. अंक स्वतः विकायचा म्हणजे आपण काय लिहिले याचा जाब वाचक त्याच दिवशी, तोंडावर मागणार. संपादकीय जबाबदारीचे इतके रोकडे रूप मला दुसरीकडे दिसलेले नाही.

'रायटिंग विथ फायर' या बायकांना गाठतो तो छापील अंकाकडून मोबाइलच्या व्हिडिओकडे जाण्याच्या काळात. मीरा, सुनीता आणि श्यामकली या तिघी त्याच्या केंद्रस्थानी आहेत. माहितीपट चांगला आहे, हे आधी स्पष्ट म्हणतो. बलात्काराची तक्रार पोलीस नोंदवून घेत नाहीत म्हणून मीरा त्या घरी जाते आणि तिथून थेट ठाण्यात जाऊन साहेबासमोर बसते. तिचा आवाज एकदाही चढत नाही. श्यामकलीला फोनवरची इंग्रजी अक्षरे लागत नाहीत. ज्या यंत्राने मुक्ती मिळणार म्हणून सांगितले जाते, ते यंत्र आधी परक्या लिपीची पाटी पुढे करते, हे त्या छोट्या दृश्यात सहज येऊन जाते. सुनीता स्वतः खाणीत राबलेली. आता ती त्याच खाणींवर बेकायदा उपशाची बातमी करायला जाते आणि पुरुषांच्या घोळक्यात एकटी उभी राहते. तिच्याभोवतीचे ते हसणारे, तिला पत्रकारिता शिकवू पाहणारे चेहरे कॅमेरा सोडत नाही. मीराच्या नवऱ्याचे बोलणेही असेच. हे काम फार दिवस टिकायचे नाही, असे तो थंडपणे सांगतो आणि दिग्दर्शक त्यावर काही शेरा मारत नाहीत.

मग खटकते कुठे? तो माहितीपट पाहिल्यानंतर मी बरेच दिवस संध्याकाळी 'खबर लहरिया'चे व्हिडिओ लागोपाठ पाहत बसलो. शोधून नाही, समोर येतील तसे. नादुरुस्त हातपंप. घरकुलाचा अडकलेला हप्ता. रेशनच्या दुकानातली मापातली लबाडी. कागदावर बांधलेले शौचालय. पावसात वाहून गेलेला रस्ता, आणि तो आधी होता तरी का, यावर गावकऱ्यांत जुंपलेला वाद. मध्येच लग्नातली गाणी, एखादा स्थानिक पदार्थ, एखादी जत्रा. यात नायिका कुणी नसते. वार्ताहर बाई फ्रेमच्या कडेला असते, पुष्कळदा नुसता तिचा हात आणि माइक दिसतो. उत्तर देणारी म्हातारी विषय सोडून सुनेबद्दल बोलू लागते आणि तिला लगेच कापले जात नाही. अधिकारी 'पाहून घेतो' म्हणतो आणि व्हिडिओ संपतो. पार्श्वसंगीताने कुणाची बाजू घेतलेली नसते. हे पाहणे कंटाळवाणे आहे का? कधी कधी, हो. पण या कंटाळ्यात एक न्याय आहे. हातपंपाला स्वतःची अशी वेळ दिलेली आहे.

माहितीपटाला हा कंटाळा परवडत नाही. जगभरच्या महोत्सवांतला प्रेक्षक दीड तास बसणार. त्याला चढणारा आलेख हवा, धोका हवा, शेवटी थोडी उभारी हवी. म्हणून २०१७ची विधानसभा निवडणूक आणि २०१९ची लोकसभा निवडणूक या दोन खुंट्यांवर सगळी गोष्ट टांगली जाते. त्या काळात उत्तर प्रदेशात जे राजकारण वाढले ते त्यात यायलाच हवे होते. तलवार मिरवणाऱ्या तरुण कार्यकर्त्याला मीरा ज्या शांतपणे बोलते करते, ते दृश्य गाळावे असे मी कधीच म्हणणार नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. हातपंप आणि हप्ते गळून पडले, की उरलेल्या दृश्यांचा अर्थ बदलतो. चित्रीकरण तेच, माणसे तीच, एकही वाक्य खोटे नाही, आणि तरी संस्था वेगळी दिसते. निवेदनाचे म्हणणे नेमके हेच होते.

संकलनाच्या या ताकदीचा विचार सर्वांत मुळापासून झाला तो, माझ्या मते, १९६७ साली कॅनडात. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापासून दूर फोगो नावाचे मासेमारांचे बेट आहे. लोकांनी बेट सोडून दुसरीकडे वसावे असा सरकारी दबाव होता आणि बेटावरच्या दहाएक वस्त्यांत आपसात फारसा संवाद नव्हता. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचा दिग्दर्शक कॉलिन लो 'चॅलेंज फॉर चेंज' या उपक्रमाखाली तिथे गेला. मेमोरियल विद्यापीठाचा विस्तार विभाग सोबत होता. व्हिडिओ अजून हाताशी नव्हता, काम सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर झाले. एकच मोठा माहितीपट करण्याऐवजी लोने वीसपेक्षा जास्त छोट्या फिती केल्या, एकेका माणसाची किंवा एकेका प्रसंगाची एक. यामागे नुसती सोय नव्हती. एका माणसाचे वाक्य कापून दुसऱ्याच्या वाक्यापुढे जोडले, की त्या दोघांत दिग्दर्शक स्वतःच भांडण लावून देतो, हे त्याच्या लक्षात आले होते. म्हणून विषयवार काप टाळून त्याने माणसाला त्याच्या सलगतेत ठेवले. बोलणाऱ्याने आधी आपली फीत पाहायची, नको ते काढायला सांगायचे, मगच ती इतरांना दाखवायची, असा रिवाज पाडला. त्या फिती वस्तीवस्तीत दाखवल्या गेल्या आणि नंतर प्रांताच्या मंत्र्यांना. मत्स्यव्यवसाय मंत्र्याचे उत्तरही चित्रित करून बेटावर आणले गेले. बेट रिकामे झाले नाही. मासेमारांनी सहकारी संस्था उभी केली. हे सगळे फितींमुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण लोकांनी परस्परांना आधी पडद्यावर ऐकले, एवढे खरे.

फोगोच्या त्या फिती कलाकृती म्हणून सपाट आहेत, अशी तक्रार होते. असतील. सपाटपणा ही तिथे दिलेली किंमत आहे आणि ती कशासाठी दिली हे स्पष्ट आहे.

आपल्याकडे हाच धागा १९८४ साली अहमदाबादेत आला. मार्था स्टुअर्ट या अमेरिकी निर्मातीने 'सेवा'च्या सभासद बायकांना व्हिडिओचे प्रशिक्षण दिले. त्यात माणेक चौकात भाजी विकणाऱ्या होत्या, काहींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी माणेक चौकातल्या विक्रेत्यांचे जे चित्रीकरण केले ते पुढे पालिकेपुढे, पोलिसांपुढे आणि स्वतः सभासदांपुढे वापरले गेले. निरक्षरता ही इथे अडचण ठरली नाही. वाचता न येणारीला दृश्याचा क्रम मात्र नीट कळतो. आधी काय दाखवायचे आणि नंतर काय, हे बाजारात टोपली मांडणाऱ्या बाईला कुणी शिकवावे लागत नाही.

कात्री परक्या हाती गेली तर काय होते याचे दोन दाखले देतो. पहिला सर्वज्ञात आहे. ३ मार्च १९९१च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज हॉलिडे या प्लंबरने आपल्या सज्जातून रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलीस मारत असल्याचे चित्रीकरण केले. साऱ्या जगाने ते पाहिले. नागरिकाच्या हातचा कॅमेरा आता सत्तेला जाब विचारणार, असा विश्वास त्या एका चित्रफितीने दिला. पुढच्याच वर्षी पीटर गॅब्रिएल या गायकाच्या पुढाकाराने 'विटनेस' ही संस्था निघाली, ती याच विश्वासावर. पण खटल्यात बचाव पक्षाने तीच चित्रफीत चौकट चौकट थांबवत, संथ करत दाखवली. प्रत्येक चौकटीवर तज्ज्ञ सांगत होता, की इथे त्या माणसाचा पाय उचललेला आहे, म्हणजे तो अजून आक्रमक आहे. वेग काढून घेतला आणि मारहाण नाहीशी झाली. एप्रिल १९९२मध्ये ज्यूरीने चौघा पोलिसांना जवळजवळ सगळ्या आरोपांतून सोडले आणि शहर पेटले.

दुसरा दाखला आपल्या घरचा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव दलाने गोळीबार केला आणि दहा जण मेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या घालाव्या लागल्या, असा बचाव केला गेला, आणि पेटलेल्या वाहनांची दृश्ये त्याच्या दिमतीला आली. गुंडेवार आयोगाने हा टँकरचा बचाव मान्य केला नाही. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड'मध्ये या साऱ्याचा माग काढला, चौदा वर्षे घेऊन. घोगरे त्यांच्या १९८५च्या 'हमारा शहर'मध्ये गायले होते, म्हणजे ही ओळख एका दिवसाची नव्हती. पटवर्धनांची शैली मला नेहमीच पटते असे नाही. समोरच्याला कोंडीत पकडण्याची त्यांची हौस कधी कधी चित्रपटावर कुरघोडी करते. पण 'जय भीम कॉम्रेड'मध्ये ते शाहिरांची गाणी अखंड चालू देतात. तीन तासांच्या आसपास जाणाऱ्या या माहितीपटाला लांब म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की ज्यांना बातमीत अर्धा मिनिटही मिळत नाही त्यांना इथे पुरे कडवे मिळते. दलित वस्त्यांत, उघड्यावर पडदा लावून त्याचे खेळ झाले तेव्हा लोक उठून गेले नाहीत.

फोगो, रमाबाई नगर आणि बुंदेलखंड यांना मी एका ओळीत बसवतो आहे, पण त्यांच्यातला फरक विसरून चालणार नाही. पटवर्धन स्वतःचा चित्रपट करतात आणि स्वतःच्या नावाने करतात. थॉमस आणि घोष यांनाही तो हक्क आहे. माहितीपटकाराने संस्थेचे पत्रक काढावे, अशी अपेक्षा मला नाही. पण दुसऱ्याचा कॅमेरा हाच ज्या चित्रपटाचा विषय आहे, त्याने त्या कॅमेऱ्याची रीतही थोडी उचलायला हवी होती. बायका काय चित्रित करतात, हे आपल्याला त्यात फार थोडे दिसते. त्या चित्रित करत असताना कशा दिसतात, ते पुष्कळ दिसते.

कात्रीचा आणखी एक मालक आहे, त्याच्याकडे आपले लक्ष कमी जाते. तो म्हणजे परिणामाची अट. गोव्यात मुख्यालय असलेल्या 'व्हिडिओ व्हॉलंटियर्स' या संस्थेने २०१० साली 'इंडिया अनहर्ड' सुरू केले. देशभरच्या गावांतले वार्ताहर आपापल्या वस्तीतला प्रश्न चित्रित करतात, त्यांना त्याचे मानधन मिळते आणि व्हिडिओच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबर देऊन प्रेक्षकाला सांगितले जाते, की यांना फोन करा. काम झाले की वार्ताहर परत जातो आणि दुसरा व्हिडिओ करतो: नळाला पाणी आले, शाळेत शिक्षक आला. यातली ताकद नाकारता येणार नाही. अधिकाऱ्याच्या टेबलावर फोन ठेवून आपल्या वस्तीचे चित्र दाखवणारी बाई अर्जदार राहत नाही. पण या आकृतिबंधात कोणते प्रश्न बसतात ते पाहा. ज्याला एक अधिकारी आहे, एक फोन नंबर आहे आणि जो काही महिन्यांत सुटू शकतो, तो बसतो. जमीन कुणाची, पाणवठा कुणाचा, यांना फोन नंबर नसतो. हे संस्थेलाही उमगले असावे, कारण २०१२ साली संविधानाच्या सतराव्या कलमाचे नाव घेऊन तिने अस्पृश्यतेच्या प्रथांवरच व्हिडिओंची मोहीम काढली. वेगळा कप, वेगळी रांग, देवळाचा उंबरा. त्या चित्रांच्या शेवटी 'झाले काम' म्हणणारा व्हिडिओ जोडता येत नाही, आणि म्हणून मला ती अधिक मोलाची वाटतात.

आणि आता यूट्यूब. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही पत्रकार परिषदेला टेबलावर दहा-बारा बूम असतात, त्यातले निम्मे एकेका माणसाच्या चॅनेलचे. यांना हसणे सोपे आहे. पाकिटाचे किस्से सगळ्यांकडे असतात. तरी तालुक्याच्या बातमीला जागा नसलेल्या काळात धरणग्रस्तांचे उपोषण, कांद्याचे पडलेले लिलाव यांचे सलग चित्रीकरण मला यांच्यापैकीच कुणाकडे तरी सापडते, मोठ्या वाहिन्यांकडे नाही. अडचण अशी की हे चॅनेल ज्या मंचावर जगते तिथे शीर्षकाला लाल बाण आणि उघडा जबडा लागतो. 'खबर लहरिया'लाही तिथेच जगायचे आहे. छापील अंकातली गच्च बुंदेली व्हिडिओत हळूहळू हिंदीकडे सरकली, हे मला त्यांच्या सगळ्या कौतुकात बोचते. बुंदेलखंडाबाहेरचा प्रेक्षक हवा असेल तर हे होणार, पण बाजारातल्या बाईला तिच्याच बोलीत प्रश्न विचारणे हीच तर त्यांची मूळ खूण होती. सरकारच्या कात्रीबद्दल इथे एवढेच: फेब्रुवारी २०२१मध्ये आलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल बातम्यांवर आचारसंहिता बसवली, 'द लीफलेट' आणि निखिल वागळे यांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यातल्या काही भागाला स्थगिती दिली.

पुन्हा त्या निवेदनाकडे. त्यात तटस्थतेचा, सगळ्या पक्षांना प्रश्न विचारण्याचा आग्रह आहे, आणि त्यावरून पुरोगामी मंडळी नाराज झाली. आजच्या काळात तटस्थ राहणे म्हणजे पळ काढणे, असे त्यांचे म्हणणे. शहरात बसून हे म्हणता येते. चित्रकूट-बांद्यातल्या वार्ताहराची तटस्थता ही वृत्ती नसून वाट आहे: उद्या सकाळी त्याच ठाण्यात, त्याच प्रधानाच्या ओसरीवर तिला पुन्हा जायचे असते, एकटीने, बसने. चित्रपटाचे पथक तोवर परतलेले असते. अमुक पक्षाविरुद्धची बाई असा शिक्का एकदा बसला, की हातपंपाच्या बातमीसाठीही दार उघडत नाही. आणि हातपंपाची बातमी थांबली, तर ऑस्करचे नामांकन त्या वस्तीला काय देणार? निवेदनातली भीती मलाही दिसली. ती भीती म्हणजे त्या बायकांच्या कामाच्या जागेची अचूक माहिती आहे, असे मी म्हणेन.

या माहितीपटासाठी दिग्दर्शकांनी काही वर्षे चित्रीकरण केले. दीड तासाचा चित्रपट काढून झाल्यावर त्यातले कितीतरी बाजूला पडलेले असणार. लोने फोगोत केले तसे ते तुकड्या-तुकड्यांनी चित्रकूटला, बांद्याला, ज्यांचे त्यांना दाखवता येईल. मला स्वतःला त्यातले पाहायचे आहे ते संपादकीय बैठकीचे न कापलेले चित्रीकरण, कितीही लांब असले तरी चालेल: आज कुठली बातमी घ्यायची आणि कुठली ठेवायची, यावर त्या बायका आपसात वाद घालत असतील ते.